डीएपीची पाटी १३५० वरच आहे, मग बाहेरचा भाव आपल्याला लागतो कुठे?

डीएपी या नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) देणाऱ्या खताबद्दल उदगीरकडच्या एका तरुण कृषी सेवा केंद्रवाल्याचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "डीएपीच्या गोणीवर १३५० छापलंय, २०२२ पासून त्यात रुपयाचा फरक नाही. तरी ऐन पेरणीत माल येत नाही. आला तर सोबत दुसरं काहीतरी गळ्यात मारतात. कंपनीचा माणूस म्हणतो चीनने बंद केलंय, मोरोक्कोने भाव वाढवलाय. हे खरं की बहाणा? आणि आता मिळेल तेवढा माल भरून ठेवू का, की भाव उतरायची वाट बघू?"

या धंद्यात मला २७ वर्षं झाली. पहिली काही वर्षं मराठवाड्यात विक्रीला होतो, म्हणजे रेक पॉइंट (खताची मालगाडी उतरते ती जागा), दुकानदारांचे फोन आणि पेरणीच्या तोंडावर खाल्लेल्या शिव्या. नंतर आयातीच्या टेबलावर बसलो. दोन्ही बाजू पाहिल्यात, म्हणून सांगतो: तुमचा माणूस खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. चीन आणि मोरोक्को त्याला तोंडपाठ असतात. आपल्याकडच्या अनुदानाचं गणित तो गिळून टाकतो, कारण ते सांगत बसलं तर चहा गार होतो.

ब्राझीलचा सोयाबीनवाला खत बाजारभावाने घेतो. बाहेर टनामागे ५० डॉलर वाढले की त्याच्या पुढच्या बिलात ते दिसतात. आपल्या शेतकऱ्याच्या बिलात काहीच दिसत नाही. तीच वाढ आपल्याकडे दोन-तीन महिन्यांनी रांग होऊन उभी राहते. गोणीची किंमत बांधलेली असली की भाव गोदामात उमटतो, पाटीवर नाही. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं सोपं आहे.

आधी गणितच करून टाकू. २०२४ चा पावसाळा संपतानाचा हिशेब घ्या. तेव्हा डीएपी आपल्या बंदरात पोच साधारण ६३० डॉलर टन होतं. रुपया ८४ ला. म्हणजे जहाजातला माल ५२,९०० रुपये टन. त्यावर ५ टक्के आयात शुल्क, बंदरावरची उतराई, गोणी, भराई, बँकेचं व्याज, तुमचं कमिशन असं सगळं धरलं की ६१ हजारांच्या घरात जातं. (रेल्वेभाडं यात नाही, ते सरकार वेगळं देतं.) आता जमेची बाजू. १३५० ची गोणी म्हणजे २७,००० रुपये टन, त्यातून जीएसटी वजा केला की राहिले २५,७००. त्या रब्बीचं अनुदान टनाला २१,९११. वर विशेष पॅकेजचे ३,५००. बेरीज ५१ हजारांच्या जरा वर. म्हणजे टनामागे नऊ-दहा हजारांचा खड्डा. ५५ हजार टनांचं एक जहाज आणायचं म्हणजे पन्नास कोटी समुद्रात टाकायचे. कोणता व्यवस्थापक त्या कागदावर सही करील? मी तर केली नसती.

आणि तसंच झालं. एप्रिल ते सप्टेंबर २०२३ मध्ये देशात ३४.५ लाख टन डीएपी आलं होतं. २०२४ च्या त्याच सहा महिन्यांत १९.७ लाख टन. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पंजाब-हरियाणात गव्हाच्या आणि आपल्याकडे हरभऱ्याच्या पेरणीला जी पळापळ झाली, तिचं मूळ या दोन आकड्यांत आहे. जगात माल नव्हता असं नाही. माल होता, पण तो आणणाऱ्याला परवडत नव्हता.

हा खड्डा पडतो कसा, तेही बघा. स्फुरदावरचं अनुदान किलोवर ठरतं आणि ते हंगामापुरतं, म्हणजे सहा महिन्यांपुरतं जाहीर होतं. २०२३ च्या जुलैत बाहेरचा भाव ४४० डॉलरपर्यंत पडला होता. तो बघून रब्बी २०२३-२४ साठी स्फुरदाचा दर किलोला २०.८२ रुपये केला गेला. पण आदेश निघेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, बाजार वर फिरून ५९० च्या आसपास गेला होता. सरकार मागच्या हंगामाकडे बघून दर लावतं आणि आम्ही पुढच्या हंगामाचा माल घेतो. दोघांच्या घड्याळात सहा महिन्यांचा फरक. पुढे दर वाढत गेले: खरीप २०२४ ला २८.७२, खरीप २०२५ ला ४३.६०, रब्बी २०२५-२६ ला ४७.९६. डीएपीत ४६ टक्के स्फुरद आणि १८ टक्के नत्र धरलं की या शेवटच्या दराने टनाला २९,८०५ रुपये अनुदान बसतं. तोपर्यंत बाहेरचा भाव ८०० च्या आसपास खेळून आलेला.

जुन्या लोकांना आठवत असेल, २०१० पर्यंत डीएपीची गोणी ४६७ रुपयांना होती. १ एप्रिल २०१० ला पोषणद्रव्यावर आधारित अनुदान आलं: सरकार ठरावीक रक्कम देणार, किंमत कंपनीने ठरवायची. दोन वर्षांत गोणी १२०० वर गेली. कागदावर ती मोकळीक अजून आहे. प्रत्यक्षात डीएपीची किंमत सरकारच्या तोंडी फोनवर बांधलेली आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये १९०० चा भाव जाहीर झाला, देशभर ओरड झाली, आणि मे महिन्यात सरकारने गोणीमागचं अनुदान ५०० वरून १२०० करून किंमत १२०० वरच रोखली. २०२२ च्या खरिपात तर एका गोणीला सरकारचे २५०१ रुपये लागत होते आणि शेतकऱ्याचे १३५०. म्हणजे जी गोणी शेतकरी बैलगाडीत टाकून नेत होता ती ३८५१ ची होती. त्याला कुणी हे सांगितलं नाही आणि सांगून त्याला पटलंही नसतं.

संयुक्त खतांना हा फोन तेवढा कडक लागत नाही. म्हणून १०:२६:२६ ची गोणी १४७० वरून १७०० च्या पुढे सरकली आणि डीएपी जागेवर राहिलं. बाहेरच्या भावाचा खरा थर्मामीटर तुमच्या दुकानात हवा असेल तर डीएपीकडे बघू नका, १०:२६:२६ कडे बघा.

आता बाहेरचं. हा बाजार म्हणायला जागतिक, पण विकणारे बोटांवर मोजण्याइतके. चीन, मोरोक्को, सौदी अरेबिया, रशिया, अमेरिका, जॉर्डन. बाकी किरकोळ. रॉक फॉस्फेट, म्हणजे ज्या खडकातून स्फुरद काढतात तो, जमिनीत जिथे आहे तिथेच आहे. आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोटडा आणि मध्य प्रदेशात थोडंफार. म्हणून आपण तीन रूपांत बाहेरून घेतो: तयार डीएपी, फॉस्फोरिक आम्ल, आणि नुसता खडक. एका वाटेने नाही घेतलं तर दुसऱ्या वाटेने घ्यावंच लागतं, आणि विकणाऱ्याला हे पाठ आहे.

मोरोक्कोकडे जगातल्या ज्ञात साठ्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग आहे. सगळा ओसीपी या एका सरकारी कंपनीच्या हातात, १९२० पासून. खुरिब्गाच्या खाणीतला खडक पाण्यात कालवून १८७ किलोमीटर नळातून जॉर्फ लासफार बंदरापर्यंत वाहत येतो. तिथे त्याचं आम्ल करायचं, डीएपी करायचं, की ब्राझीलला लागणारं एमएपी (मोनो-अमोनियम फॉस्फेट), हे ते त्या महिन्याचा भाव बघून ठरवतात. आमच्या भाषेत, त्यांची चाळणी त्यांच्याच हातात आहे. भाव पडायला लागला की उत्पादन आवरतात, घाई करत नाहीत. घाई आपल्याला असते, कारण मृग कुणासाठी थांबत नाही.

चीनची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे माल भरपूर, कारखाने भरपूर, पण पहिला हक्क घरच्या शेतकऱ्याचा. १५ ऑक्टोबर २०२१ पासून खतांच्या निर्यातीला तपासणीची अट लागली. ऐकायला तांत्रिक वाटतं. खरं तर तो नळाचा कॉक आहे. कागद मंजूर करायचा की फायलीत ठेवायचा एवढ्यावर लाखो टन अडतात. त्यांचा वसंतातला हंगाम आटोपला की मे-जूनच्या सुमारास कॉक थोडा सैल होतो, ऑक्टोबरच्या आसपास परत आवळला जातो. आपल्याकडे चीनमधून २०२३-२४ ला २२ लाख टनांवर डीएपी आलं होतं, २०२४-२५ ला साडेआठ लाखांच्याही आत. तुमचा माणूस 'चीनने बंद केलंय' म्हणतो ते हे. त्यात भर बॅटरीची. लिथियम-लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या चीनमध्ये प्रचंड बनतात, त्यांना शुद्ध फॉस्फोरिक आम्ल लागतं, आणि गाडीवाला खतवाल्यापेक्षा जास्त भाव देतो. दहा वर्षांपूर्वी कुणी मला म्हणालं असतं की इलेक्ट्रिक गाडी सोयाबीनच्या खताला आडवी येईल, तर मी हसलो असतो.

चीनची ही जागा सौदीने घेतली. जुलै २०२५ मध्ये मआदेन या त्यांच्या कंपनीशी आपल्या तीन कंपन्यांनी वर्षाला ३१ लाख टन डीएपीचा पाच वर्षांचा करार केला. रास अल खैरहून मुंद्र्याला जहाज चार-पाच दिवसांत येतं, ही मोठी सोय. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. अशा करारांत साधारणपणे माल ठरतो, भाव नाही. तो त्या-त्या वेळच्या बाजाराला बांधलेला असतो. आणि रास अल खैर हे होर्मुझच्या आतलं बंदर आहे. आखातात वाजलं की विमा आणि भाडं आधी चढतं, बातम्या नंतर येतात. मोरोक्कोचा माल सुएझमार्गे दोन-अडीच आठवड्यांत यायचा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर कित्येक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून यायला लागली. पंधरा दिवस जास्त. पंधरा दिवस म्हणजे तुमची एक पेरणी.

अमेरिकेने तर स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. २०२१ मध्ये मोरोक्को आणि रशियाच्या मालावर प्रतिकारी शुल्क लावलं. त्यांच्या शेतकऱ्याला खत महाग पडलं, मोरोक्कोचा माल दुसरीकडे वळला, आणि एकाच मालाचे अमेरिकेत, ब्राझीलमध्ये नि भारतात वेगवेगळे भाव दिसू लागले. 'जागतिक भाव' हा शब्द मी त्यामुळे जपून वापरतो. ब्राझीलची सोयाबीनची पेरणी सप्टेंबरपासून, म्हणजे त्यांची खरेदी आपल्या रब्बीच्या साठवणीच्या वेळीच पडते. त्या महिन्यांत आपण दोघं एकाच दुकानाच्या काउंटरवर उभे असतो. आपल्या शेजाऱ्यांचंही एक आहे: इथली बांधलेली किंमत आणि सीमेपलीकडची किंमत यात फरक पडला की काही गोण्यांना नेपाळचे पाय फुटतात. हे नवीन नाही.

ज्या गोष्टीकडे फार कमी लोक बघतात ती म्हणजे गंधक. खडकातून स्फुरद सोडवायला सल्फ्युरिक आम्ल लागतं आणि ते गंधकापासून होतं. एक टन डीएपीमागे साधारण ४०० किलोच्या वर गंधक जातं. २०२५ या एका वर्षात आखाती गंधकाचा भाव दुपटीहून जास्त झाला. एक मोठं कारण इंडोनेशियातले निकेलचे कारखाने, त्यांनाही हेच आम्ल लागतं. डीएपीचा भाव उतरणार का असं मला कुणी विचारलं तर मी आधी गंधकाचा भाव विचारतो. कच्चा माल चढलेला असताना पक्का माल उतरला तर समजा कुणीतरी तोट्यात विकतोय, आणि ते फार दिवस चालत नाही.

फॉस्फोरिक आम्लाचा भाव मोरोक्को आणि आपले कारखानदार तिमाहीला ठरवतात. २०२२ मध्ये तो, त्यातल्या स्फुरदाच्या हिशेबाने, टनाला १,७०० डॉलरच्या वर गेला होता. २०२५ च्या तिसऱ्या तिमाहीत १,२५० च्या वर होता. गोव्यातला झुआरीनगरचा कारखाना याच आयात आम्लावर चालतो, मुरगाव बंदरात ते उतरतं. २०२२ पासून तो पारादीप फॉस्फेट्सकडे आहे आणि त्या कंपनीत ओसीपीची अप्रत्यक्ष भागीदारी आहे. म्हणजे कोकण आणि दक्षिण महाराष्ट्रात जी गोणी 'आपल्या गोव्याची' म्हणून विकली जाते, तिच्यातलं स्फुरद बहुतेक खुरिब्गाच्या वाटेने आलेलं असतं. एक टन डीएपीला त्याच हिशेबाने ०.४७ टन आम्ल, म्हणजे १,२५० च्या दराने ५९० डॉलर. वर ०.२२ टन अमोनिया, ४०० डॉलरने धरा ८८. झाले ६८० च्या जवळ, आणि अजून कारखान्याची वीजसुद्धा धरलेली नाही. 'इथेच का नाही बनवत' याचं उत्तर यात आलं.

रुपयाचंही एक वाक्यात सांगतो. ८०० डॉलरचा माल २०२१ च्या ७४ रुपयांच्या दराने ५९,२०० ला पडला असता. ९० च्या दराने ७२,००० ला. बाहेर काहीही न हलता टनामागे पावणेतेरा हजार वाढले.

आता बंदर ते तुमचं दुकान. जहाजाचं झाकण उघडलं की आत करड्या-तपकिरी दाण्यांचा डोंगर असतो आणि अमोनियाचा वास नाकाला झोंबतो. ग्रॅबने उचलून हॉपरमध्ये, तिथून ट्रक, शेडमध्ये ५० किलोच्या गोण्या. २०२२ पासून सगळ्यांवर एकच नाव, 'भारत डीएपी'. एक मालगाडी साधारण २,६०० टन नेते, म्हणजे एका जहाजाच्या वीसेक रेक होतात. त्या वीस रेक कुठल्या राज्यात, कुठल्या जिल्ह्यात हे दिल्ली-पुण्याच्या नियोजनात ठरतं. रब्बीत पंजाब-हरियाणाची ओढ आधी भागवली जाते, लातूर-नांदेड नंतर. (जाता जाता: काळा माल अस्सल आणि पिवळट माल चिनी, हलका, हे शेतकऱ्याच्या डोक्यातून काढा. रंग खडकातल्या सेंद्रिय अंशाचा किंवा वरून दिलेल्या रंगाचा असतो. १८:४६ असेल तर १८:४६ असतं.)

आता लिंकिंगबद्दल, म्हणजे डीएपीसोबत दुसरा माल गळ्यात मारण्याबद्दल. ते बेकायदा आहे आणि ते होतं. डीएपीत तोटा झाला की तो दुसऱ्या मालावर काढायची ही रीत आहे. कारण समजलं म्हणून ते सहन करा असं मी म्हणणार नाही; लेखी मागा, बिलावर दोन्ही माल वेगळे दाखवा म्हणा, बहुतेक वेळा आवाज खाली येतो.

मग माल भरून ठेवायचा का? मी २००८ पाहिलंय. रॉक फॉस्फेट ५० डॉलरवरून ४०० च्या वर, डीएपी १,२०० पर्यंत. चीनने निर्यातीवर १०० टक्क्यांहून जास्त कर लावला होता. जूनमध्ये कर्नाटकात हावेरीला खतासाठी जमलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, माणूस गेला. त्या महिन्यात मी रेक पॉइंटवर पोलीस बंदोबस्तात गोण्या मोजल्या आहेत. तेव्हा प्रत्येक जण म्हणत होता भाव आता दोन हजार डॉलरला जाणार. सप्टेंबरनंतर बाजार असा कोसळला की वर्षअखेरीस ४०० च्या आसपास. अर्ध्या वाटेवर असलेल्या मालाचे खरेदीदार फोन उचलेनात. या धंद्यात भाव जिना चढतात आणि विहिरीत पडतात.

पण तुमच्यासाठी हा प्रश्नच वेगळा आहे. डीएपीची किंमत बांधलेली, त्यामुळे साठवून तुम्हाला चढत्या भावाचा फायदा नाही. वर पॉस मशीनवर साठा दिसत राहतो आणि पाहणीला माणूस आला की तुम्हीच उत्तर द्यायचं. हंगामाला पुरेल एवढा, ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या हिशेबाने घ्या. उरलेलं भांडवल दाणेदार सुपर फॉस्फेटमध्ये घाला. तीन गोण्या सुपरमध्ये २४ किलो स्फुरद, डीएपीच्या एका गोणीत २३. वर अर्धी गोणी युरिया दिला की नत्रही जुळतं, आणि साडेसोळा किलो गंधक फुकट मिळतं, जे सोयाबीन आणि हरभऱ्याला हवंच असतं. पैशात थोडं जास्त जातं, वाहतूक तिप्पट होते, शेतकरी कुरकुर करतो. पण पेरणी रांगेत उभी राहत नाही. डीएपी मिळालंच तर ते पेरून द्यायला सांगा. उभ्या पिकात वरून फेकलेलं स्फुरद आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात जागच्या जागी अडकून बसतं. एवढं महाग खत मातीच्या वरच्या थराला खाऊ घालण्यात काय अर्थ आहे?

भाव उतरणार का, याची तारीख देणारा माणूस भेटला तर त्याच्याशी व्यवहार करू नका. मी तीनच गोष्टी बघतो: मे-जूनमध्ये चीनचा कॉक किती सैल झाला, गंधक कुठे आहे, आणि मार्चच्या सुमारास आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निघणाऱ्या अनुदानाच्या आदेशात स्फुरदाचा किलोचा दर बाहेरच्या भावाशी जुळतो का. तिसरी जुळली नाही तर पुढच्या तीन महिन्यांत टंचाई आहे असं समजून सुपरची ऑर्डर त्याच दिवशी टाका. आणि रेक नक्की कधी लागणार हे कंपनीच्या माणसाला विचारू नका, त्याला खरंच माहीत नसतं. तुमच्या रेक पॉइंटवरच्या हमाल टोळीच्या मुकादमाचा नंबर घेऊन ठेवा. गाडी निघाली की त्याला आधी कळतं, कारण रात्री दोनला माणसं त्यालाच उभी करायची असतात.